सरकारला माल विकायचा तर आधी दाखला
लहान उद्योग, बचत गट आणि मजूर संस्था यांच्यासाठी नोंदणीची माहिती



आपला खटाव तालुका पावसाच्या छायेतला. येरळेला पाणी आलं तर आलं, नाही तर वाट बघायची. खरिपात बाजरी, घेवडा, बटाटा आणि रब्बीत शाळू, कांदा एवढ्यावर बारा महिन्यांचा प्रपंच चालवणं अवघड. म्हणून घरातलं एखादं माणूस गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात जातं, कोणी मुंबई गाठतं, कोणी गावातच जोडधंदा करतं. मसाला कांडप, शेवया-पापड, शिवणकाम, रोपवाटिका, सुतारकाम, गवंडीकाम, भाड्याची जीप असे किती तरी धंदे आज वडूजच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर चालू आहेत.

या धंद्यांना गिऱ्हाईक कुठलं, तर गावचा बाजार आणि ओळखीपाळखीची माणसं. पण एक मोठं गिऱ्हाईक आपल्या नजरेतून सुटतं. ते म्हणजे सरकार. शाळेला बाक लागतात, दवाखान्याला चादरी लागतात, अंगणवाडीला आहार लागतो, वनखात्याला रोपं लागतात, कार्यालयाला गाडी आणि झाडलोट लागते. हा माल आणि ही सेवा कोणाकडून तरी विकतच घेतली जाते. ती लहान माणसाकडूनही घ्यावी यासाठी कायदे आणि नियम झालेले आहेत. परंतु त्यांचा फायदा मिळायचा तर हातात योग्य दाखला हवा. तो कोणता, कसा काढायचा आणि काढल्यावर कुठे सावध राहायचं, हे या पत्रिकेत क्रमाने सांगितले आहे.

१. दाखला म्हणजे काय आणि काय नव्हे

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. टॅग बघून आपण पिशवी घेतो. पण टॅगमुळे पीक येत नाही. जमीन, पाऊस, खत आणि आपली मेहनत लागतेच. सरकारी नोंदणीचा दाखलाही तसाच समजावा. दाखला म्हणजे कामाची हमी नव्हे. 'तुम्हाला रांगेत उभं राहायला हरकत नाही' एवढंच तो सांगतो. काही ठिकाणी रांगेत थोडी पुढची जागाही देतो. म्हणून 'एवढे पैसे भरा, दाखला घ्या, काम आपोआप मिळेल' असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नये.

दुसरी गोष्ट अशी की एका दाखल्याने सगळी कामं होत नाहीत. ज्वारीच्या बियाण्याचा टॅग हरभऱ्याला चालत नाही. लोकांचा घोटाळा नेमका इथंच होतो. ढोबळ विभागणी ध्यानात ठेवा :

(अ) माल तयार करून किंवा सेवा देऊन विकायची असेल तर उद्यम नोंदणी.
(आ) सरकारच्या संगणकावरील बाजारात माल मांडायचा तर त्या बाजाराची विक्रेता नोंदणी.
(इ) रस्ता, इमारत, बंधारा अशी बांधकामं घ्यायची तर बांधकाम खात्याकडे ठेकेदार म्हणून नोंदणी.
(ई) मजुरांनी एकत्र येऊन बांधकामं घ्यायची तर मजूर सहकारी संस्थेची नोंदणी.
(उ) अंगणवाडीचा आहार, शाळेतलं जेवण अशी कामं बायकांनी मिळून घ्यायची तर बचत गट आणि त्याचं नीट ठेवलेलं दप्तर.

आता एकेक पाहू.

२. उद्यम नोंदणी

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांचा कायदा २००६ साली झाला. त्याखाली १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. त्यापूर्वी 'उद्योग आधार' होता. तो आता चालत नाही. ज्यांच्याकडे जुना कागद असेल त्यांनी नव्याने उद्यम नोंदणी करावी.

आपला धंदा यात बसतो का, असं विचाराल, तर १ एप्रिल २०२५ पासूनची मर्यादा अशी : यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वर्षाची उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असली तर तो सूक्ष्म उद्योग. गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटीपर्यंत असली तर लघु उद्योग. म्हणजे गावातली पिठाची गिरणी, तेलघाणा, शिवणयंत्र, वेल्डिंगचं दुकान हे सगळे सूक्ष्म उद्योगातच येतात. 'आपलं लई बारकं आहे, आपल्याला कोण विचारतो' असं म्हणून मागे राहायचं कारण नाही. ही नोंदणी बारक्यांसाठीच आहे.

नोंदणीला काय लागतं?
• एकट्याचा धंदा असेल तर मालकाचं आधार कार्ड, भागीदारी असेल तर कारभारी भागीदाराचं, कंपनी किंवा सहकारी संस्था असेल तर अधिकार दिलेल्या माणसाचं.
• पॅन क्रमांक. वस्तू व सेवा कराची नोंदणी ज्यांना कायद्याने बंधनकारक आहे त्यांना तो क्रमांकही लागतो.
• बँकेच्या खात्याचा तपशील, धंद्याची जागा, कामगारांची संख्या आणि कोणता धंदा करता ते.

सगळी माहिती आपण स्वतःच्या जबाबदारीवर भरायची असते. कागद जोडावे लागत नाहीत. या नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही. दुरुस्तीलाही फी नाही. दाखल्याला मुदत नसते, दरवर्षी नूतनीकरण करावं लागत नाही. तेव्हा कोणी 'सरकारी फी हजार-दोन हजार' म्हणून मागू लागला तर ती सरकारी फी नव्हे, एवढं पक्कं समजावं. संगणक केंद्रवाल्याने आपल्या वेळेचे पाच-पन्नास घेतले तर ती त्याची मजुरी. तिची पावती मागावी.

एका उद्योगाला एकच नोंदणी करता येते. पण त्या एका नोंदणीत कितीही कामं दाखवता येतात. मसाला कांडप आणि शेवया दोन्ही करत असाल तर दोन्ही लिहा. खोटी माहिती मात्र भरू नये, त्याला दंडाची तरतूद आहे.

आणखी एक खुलासा. किराणा दुकान किंवा इतर निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यालाही जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते. परंतु त्याचा उपयोग बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरता. सरकारी खरेदीतली सवलत मिळते ती स्वतः माल बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला. दुसऱ्याचा माल आणून पुढे विकणाऱ्याला ती नाही.

३. केंद्र सरकारच्या खरेदीत आपला वाटा

केंद्र सरकारने २०१२ साली सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी खरेदीचा आदेश काढला. तो १ एप्रिल २०१५ पासून सक्तीचा झाला. २०१८ पासून असं ठरलं की केंद्राची खाती आणि केंद्राच्या मालकीच्या कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीपैकी निदान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून. ३५८ वस्तू तर फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या म्हणून राखून ठेवलेल्या आहेत.

महिलेच्या मालकीचा उद्योग कोणता? एकटीचा असेल तर ती स्वतः मालक हवी. भागीदारी किंवा कंपनी असेल तर निदान ५१ टक्के वाटा महिलांचा हवा. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योगालाही हाच नियम. बायकोचं नाव नुसतं पाटीवर आणि व्यवहार सगळा नवऱ्याच्या हातात, असं करू नये. तिचं नाव असेल तर खातं, सही आणि हिशेबही तिच्याच हातात असावा.

या आदेशाने दोन मोठ्या सवलती मिळतात. निविदेचा संच फुकट मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. तिसरी सवलत दराची. ती उदाहरणाने समजून घेऊ.

समजा, केंद्राच्या एका कार्यालयाला १,००० कापडी पिशव्या हव्यात. सर्वांत कमी दर एका मोठ्या कारखान्याने दिला, पिशवीला १०० रुपये. तुमचा दर ११२ रुपये. नेहमीच्या हिशेबाने तुम्ही बाद. पण तुमच्याकडे उद्यम दाखला आहे आणि तुमचा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११५ रुपयांच्या आत आहे. मग कार्यालय तुम्हाला विचारतं, 'तुम्ही १०० रुपयांत द्याल का?' तुम्ही हो म्हणालात तर निदान चौथा हिस्सा, म्हणजे २५० पिशव्यांचं काम तुम्हाला मिळू शकतं. असे दोन-चार लहान उद्योग असले तर तो हिस्सा त्यांच्यात वाटला जातो.

इथं घाईने मान डोलावू नका. तुमची पिशवी घरात ९६ रुपयांना पडत असेल तर २५० पिशव्यांवर फक्त १,००० रुपये सुटतात. वडूजहून पुण्याला माल पोचवायला त्याहून जास्त लागले तर धंदा आतबट्ट्याचा. सवलत आहे म्हणून काम घ्यायचं नाही, परवडतं म्हणून घ्यायचं.

ही सवलत केंद्राच्या खरेदीची आहे आणि माल व सेवांसाठी आहे. रस्ते-इमारतींच्या ठेक्याला ती तशीच लागू होईल असं धरून चालू नये.

४. सरकारचा ई-बाजार

९ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र सरकारने संगणकावर एक बाजारपेठ उघडली. तिला 'जेम' म्हणतात. केंद्राची खाती बहुतेक नेहमीची खरेदी इथूनच करतात. राज्याची कार्यालयंही करतात. आठवडी बाजारात जशी आपली पथारी मांडतो तशी इथं आपल्या मालाची यादी, छायाचित्र, माप, वजन आणि दर मांडायचा. विक्रेता म्हणून नाव नोंदवताना उद्यम क्रमांक भरला की आपण लहान उद्योग आहोत हे खरेदीदाराला दिसतं.

इथं लिहिलेलं माप म्हणजे वचन असतं. 'अर्धा किलो मिरची पूड' लिहिलं आणि ४८० ग्रॅम भरली तर माल परत येतो आणि नावावर ठपका राहतो. खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना आधी काढावा. त्याशिवाय खाद्यपदार्थ विकणंच बेकायदा आहे, मग गिऱ्हाईक सरकार असो की शेजारी.

५. राज्य सरकार, जिल्हा परिषद, नगरपंचायत

राज्याच्या कार्यालयांचे खरेदीचे नियम वेगळे. ते १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने एकत्र केले गेले आणि पुढे त्यात दुरुस्त्या होत आल्या. ढोबळ पद्धत अशी : लहान रकमेची खरेदी दरपत्रकं मागवून होते, ठराविक रकमेच्या वर ई-निविदा काढावी लागते. ही रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून कामाच्या वेळी त्या कार्यालयातच विचारून घ्यावी.

दरपत्रकाच्या खरेदीत आपल्याला जास्त वाव आहे. कारण लहान कामासाठी कार्यालय जवळचाच माणूस बघतं. आपला उद्यम दाखला, पॅन, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि छापील दरपत्रक अशी एक फाईल तयार करावी. तिची एक प्रत पंचायत समितीत, एक नगरपंचायतीत आणि एक शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे देऊन ठेवावी. पोच घ्यावी. काम निघालं की आपलं नाव आठवेल.

६. बचत गटांनी काय ध्यानात घ्यावे

अंगणवाडीचा आहार पुरवायचं काम ठेकेदारांना देऊ नये, गावच्या महिला मंडळांना आणि बचत गटांना द्यावं, अशा अर्थाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. आदेश झाला म्हणून काम लगेच बायकांच्या हातात आलं असं मात्र नाही. महाराष्ट्रात घरपोच आहारासाठी २०१६ साली निघालेली निविदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिच्यातल्या अटींमुळे खरे लहान गट बाहेर राहतात आणि मोठ्यांना वाट मोकळी होते, म्हणून न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ती रद्द केली. हा खटला चालवणाऱ्यांत बचत गट होते.

यातून शिकायचं काय? निविदेची अट म्हणजे देवाची रेघ नव्हे. अट अन्यायाची वाटली तर निविदा उघडण्यापूर्वीच लेखी हरकत घ्यावी. निविदेआधी जी बैठक होते तिला जावं, प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर लेखी मागावं. काम दुसऱ्याला गेल्यावर ओरडून उपयोग होत नाही.

पण हरकत घेणाऱ्या गटाचं दप्तर स्वच्छ हवं. सभेचं इतिवृत्त, बचतीची वही, कर्जाची वही, बँकेचं पासबुक आणि खरेदीच्या पावत्या हाच गटाचा खरा दाखला. शेजारच्या माण तालुक्यातलं उदाहरण घ्या. म्हसवडच्या महिलांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा अनेक जणींना सही येत नव्हती, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि पुन्हा अर्ज केला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तेव्हा 'आम्हाला वाचता येत नाही' म्हणून कागद दुसऱ्याच्या स्वाधीन करू नका. घरातल्या शाळकरी पोरीकडून मोठ्याने वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही नको.

७. बांधकामाची कामे : मजूर संस्था आणि लहान ठेकेदार

सार्वजनिक बांधकाम खातं आणि जिल्हा परिषद यांच्या ठराविक रकमेपर्यंतच्या कामांत मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार अशी वाटणी करण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. टक्केवारी आणि रकमेची मर्यादा शासन निर्णयाने बदलत असते. ती कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात विचारावी.

गावात स्थापत्य शाखेची पदवी किंवा पदविका घेतलेला मुलगा-मुलगी घरी बसून असेल तर या नोंदणीची चौकशी जरूर करावी. खुला ठेकेदार म्हणून नोंदणी करायची तर कामाच्या रकमेनुसार वर्ग असतात. वरच्या वर्गाला अनुभव, यंत्रसामग्री आणि ऐपतीचा दाखला लागतो. ऐपतीच्या दाखल्यासाठी सातबारा दाखवताना घरात सर्वांना विचारून मगच दाखवावा. ठेका बुडाला तर बोजा कशावर येईल, याचा विचार आधी व्हावा.

मजूर सहकारी संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदतात. हेतू चांगला आहे. मधला ठेकेदार टळावा, कामाचा नफा घाम गाळणाऱ्यालाच मिळावा. पण संस्था मजुरांची आणि कारभार ठेकेदाराचा, असंही घडतं. सभासदाला आपण सभासद आहोत हेच ठाऊक नसतं. कधी काळी रेशनच्या नाही तर घरकुलाच्या नावाखाली सही आणि आधारची प्रत घेतलेली असते.

तेव्हा हे करा :
• आपलं नाव एखाद्या मजूर संस्थेत आहे का, याची चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात करा.
• सभासद असाल तर संस्थेचे उपविधी, सभासदांची यादी आणि वार्षिक ताळेबंद संस्थेच्या कार्यालयात बघायचा हक्क कायद्याच्या कलम ३२ ने तुम्हाला आहे. त्याला फी नाही.
• हजेरीपटावर आपण न केलेल्या दिवसांची सही करू नका आणि केलेल्या दिवसांची सही चुकवू नका.
• मजुरी बँक खात्यातच घ्या. पासबुक आणि कार्ड मुकादमाकडे ठेवू नका.

८. सहीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात नको

ई-निविदा भरायला संगणकी सही लागते. ती एका बोटाएवढ्या किल्लीत असते आणि तिला गुप्त आकडा असतो. या सहीला कायद्याने हातच्या सहीचंच मोल आहे. ठराविक मुदतीनंतर ती नव्याने काढावी लागते.

पुष्कळ ठिकाणी ही किल्ली आणि आकडा दोन्ही निविदा भरून देणाऱ्या मध्यस्थाकडेच पडून असतात. 'दरवेळी कुठं यायचं' म्हणून आपणच ठेवतो. याचा अर्थ काय झाला? कोऱ्या स्टँप पेपरवर सही करून तो पेपर दुसऱ्याच्या कपाटात ठेवण्यासारखंच हे आहे. तुमच्या नावावर कोणतं काम, किती दराने आणि कोणत्या अटींवर घेतलं हे तुम्हाला कळणार नाही. काम अर्धवट राहिलं तर नोटीस तुमच्या दारी येईल, अनामत तुमची जप्त होईल आणि काळ्या यादीत नाव तुमचं जाईल.

तीच गोष्ट दाखला 'वापरायला' देण्याची. 'तुमच्या बाईच्या नावाचा दाखला द्या, बयाणा भरावा लागणार नाही, तुम्हाला दोन टक्के घरबसल्या' असं कोणी म्हणालं तर नको म्हणावं. दोन टक्के मिळतील, पण जबाबदारी शंभर टक्के येते. शिवाय गावातल्या खऱ्या धंदेवाल्या बाईचं काम आपण हिरावून घेतो ते वेगळंच.

९. बिलाचे पैसे : ४५ दिवसांचा कायदा

सरकारी काम घेताना मनात खरी धास्ती असते ती पैशाची. पैसे बुडत नाहीत, पण उशिरा येतात, आणि लहान माणूस उशिरानेच बुडतो.

२००६ च्या कायद्यात याला औषध आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. समजा, बँक दर वर्षाला ६ टक्के आहे. तिप्पट म्हणजे १८ टक्के, महिन्याला दीड टक्का. एक लाखाचं बिल सहा महिने रखडलं तर सुमारे ९,३४० रुपये व्याज होतं.

पैसे मिळाले नाहीत तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. अर्ज संगणकावरून होतो. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त दिवस लागतात, पण निकाल आपल्या बाजूने लागला तर समोरच्याला न्यायालयात जाण्याआधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. म्हणून नुसत्या अर्जाच्या धाकानेही कधी कधी बिल सुटतं. बांधकामाच्या ठेक्याला ही तरतूद लागू होते का, यावर मात्र न्यायालयांत वाद झालेले आहेत. तसं प्रकरण असेल तर वकिलाला विचारावं.

यात एक गोम आहे. करार आधी झाला आणि उद्यम नोंदणी नंतर केली, तर त्या कराराला मागाहून संरक्षण मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटलेलं आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात ते यासाठी. आधी नोंदणी, मग करार.

आणि व्याज मिळवायचं तर तारीख सिद्ध करता आली पाहिजे. माल दिल्याच्या चलनावर तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही असावी. बिलाची पोच घ्यावी. तोंडी 'पोचला' हे चालत नाही.

१०. निविदा भरण्यापूर्वी कागदावर हिशेब

समजा, दहा जणींच्या गटाला एक लाख रुपयांचं काम मिळतंय. कच्चा माल ७०,००० रुपये, मजुरी १५,०००, वाहतूक व बांधणी ५,०००. खर्च झाला ९०,०००. उरतात १०,०००. पण हे ९०,००० आधी घालावे लागतात. ते वर्षाला १२ टक्के व्याजाने आणले आणि बिल तीन महिन्यांनी निघालं तर २,७०० रुपये व्याज गेलं, उरले ७,३००. सहा महिने लागले तर ५,४०० व्याज, उरले ४,६००. त्यात ५ टक्के सुरक्षा अनामत, म्हणजे ५,००० रुपये, कार्यालयाने काही काळ अडकवून ठेवले तर आज हातात एक रुपयाही नफा नाही. उलट ४०० रुपये पदरचे गेलेले असतात.

याचा अर्थ काम घेऊ नये असा नाही. पहिलं काम एवढंच घ्यावं की पैसे सहा महिने अडकले तरी घरची चूल आणि पेरणी अडणार नाही. पेरणीसाठी ठेवलेला पैसा ठेक्यात घालू नये. एक काम वेळेवर आणि मापात पुरं केलं की त्याचा पूर्णत्वाचा दाखला मागून घ्यावा. पुढच्या निविदेत अनुभवाची अट असते, तिथं हाच दाखला कामी येतो.

थोडक्यात

१) उद्यम नोंदणी फुकट आहे. ती आजच करून ठेवा.
२) माल, सेवा, बांधकाम यांचे दाखले वेगवेगळे. आपल्याला कोणता लागतो ते आधी ठरवा.
३) संगणकी सहीची किल्ली, गुप्त आकडा आणि पासबुक स्वतःजवळ ठेवा.
४) आपला दाखला दुसऱ्याला वापरू देऊ नका.
५) चलन, बिल आणि पोच यांची फाईल ठेवा.
६) उशिराचा हिशेब घालूनच दर भरा.

कुठे विचाराल?

नोंदणी, लहान उद्योगांच्या योजना आणि थकलेल्या बिलाचा अर्ज यांसाठी साताऱ्याचे जिल्हा उद्योग केंद्र. सांगली जिल्ह्यातील श्रोत्यांनी सांगलीचे केंद्र गाठावे. बचत गटांनी पंचायत समितीतील उमेद अभियानाच्या कक्षात जावे. मजूर संस्थांच्या बाबतीत सहायक निबंधक, सहकारी संस्था. बांधकामाच्या नोंदणीसाठी सार्वजनिक बांधकाम खात्याचे विभागीय कार्यालय. जाताना आधार, पॅन, पासबुक आणि एक कोरी वही न्यावी. अधिकाऱ्याने जे सांगितले ते त्यांच्यासमोरच तारखेसह लिहून घ्यावे आणि पुन्हा वाचून दाखवावे.

ही पत्रिका वाचून झाल्यावर घडी करून ठेवू नका. ज्याच्या घरी शिवणयंत्र आहे, गिरणी आहे, जीप आहे, किंवा जो रोज दुसऱ्याच्या ठेक्यावर पाट्या उचलतो, त्याच्या हाती ती द्या.